वादळराव गाडीत बसतात

"चार वाजता," आरशासमोर उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "चार म्हणजे चार. सव्वाचार म्हणजे चार नाही."

"अगं, नुसती फीत तर कापायची आहे," वादळराव बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले. नाडी बांधायला त्यांना अलीकडे दोन हप्ते लागत. मधे एकदा सरळ बसून श्वास घ्यावा लागे. "फीत कापली, चहा घेतला की निघालोच. तुझ्या आधी शाळेत हजर असेन."

हे वाक्य बाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. शाळेचा पहिला बक्षीस समारंभ त्यांनी बसवला तेव्हा वादळराव विमानतळावर होते. त्या मुख्याध्यापिका झाल्या तेव्हा ते दुसऱ्याच खंडात होते. शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मात्र आले होते, पण शेवटचं भाषण संपून खुर्च्या उचलत असताना. दर वेळी ते मनापासून म्हणत, "पुढच्या वेळी नक्की." आज बाई निवृत्त होत होत्या. निरोप समारंभाला पुढची वेळ नसते.

वादळराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तरुणपणी एका वर्तमानपत्राने त्यांचा उल्लेख 'ट्रॅकवरचं वादळ' असा केला आणि ते वादळ त्यांच्या नावाला चिकटलं ते कायमचंच. त्या काळी मोटारींच्या शर्यतींची एक आंतरराष्ट्रीय मालिका निघाली होती. गाड्या एकाच माणसाच्या, चाकं उघडी असलेल्या, जमिनीला पोट लावून धावणाऱ्या. गंमत म्हणजे त्यात कंपन्या नसत, देश उतरत. एका देशाचा एक संघ आणि एक गाडी. गाड्या सगळ्या एकाच साच्यातल्या, फरक फक्त रंगाचा, त्यामुळे हरल्यावर गाडीला दोष द्यायची सोय नव्हती. देशाच्या गाडीत वादळराव बसत आणि बहुतेक वेळा शेवटून दुसरे येत. शेवटून पहिला येणारा देश कोणता, हे ते अजूनही आवर्जून सांगत. पुढे ती मालिका बंद पडली. कशी, ते कोणालाच नीट कळलं नाही. पुढच्या शर्यतीची विमानाची तिकिटं आली नाहीत, एवढंच.

आता त्यांचा मोटार शिकवण्याचा क्लास होता. आणि वादळरावांकडे शिकलेला माणूस रस्त्यात लगेच ओळखू येई. तो तिसरा गिअर टाकताना आजूबाजूच्यांची परवानगी घेतल्यासारखा बघे.

फीत कापायची होती ती टायर आणि बॅटऱ्यांच्या एका नव्या शोरूमची. शोरूमच्या मालकाने कुठल्याशा गोदामातून देशाची ती जुनी गाडी मिळवली होती, तिला नवा रंग दिला होता आणि दर्शनी काचेमागे मधोमध उभी केली होती. वादळराव आत शिरले आणि फितीकडे न बघता सरळ गाडीपाशी गेले. नाकाडाच्या डाव्या अंगाला, नव्या रंगाखालून, एक जुनी खोक अजून हाताला लागत होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. मग स्टीअरिंग हातात घेऊन बघितलं. ते पूर्वीसारखंच खटकन सुटून हातात आलं. ते सुटावंच लागतं, नाहीतर त्या गाडीत आत शिरताच येत नाही.

"साहेब, एकदा बसा की," मालक म्हणाला. "एक फोटो होऊन जाऊ दे."

"छे, आता कुठे," असं वादळराव म्हणाले खरे, पण तेव्हा त्यांचा एक पाय आत गेलेला होता.

त्या गाडीत बसायची एक रीत असते. सीटवर उभं राहायचं, दोन्ही हातांनी कडा धरायच्या आणि पाय पुढे सोडत घसरायचं. वादळरावांचे पाय ती रीत विसरले नव्हते. बाकीच्या शरीराला तिची काही कल्पना नव्हती. सीट तर खास त्यांचीच होती. तेव्हा त्यांना पिशवीभर फेसात बसवून, तो फेस घट्ट होईपर्यंत हलू न देता, त्यांच्या पाठीचा आणि कमरेचा साचा घेतलेला होता. त्या साच्यात आता एक प्रौढ गृहस्थ उतरत होते. मधे क्षणभर सगळं थांबलं. मग वादळरावांनी श्वास सोडला आणि बाटलीला बूच बसावं तसा बारीक आवाज होऊन ते तळाला गेले.

फोटो झाले. फीत त्यांच्यापाशी आणली, ती त्यांनी गाडीतूनच कापली. चहा आला, तोही त्यांनी गाडीतच घेतला. पाहुणे एकेक करून गेले. मालक आपल्या बायकोला हळूच म्हणाला, "बघ, किती जीव आहे त्यांचा या गाडीवर. उठवत नाहीये त्यांना."

हे ऐकून वादळरावांनी आणखी थोडा वेळ तसाच काढला. मग चारचौघं पांगल्यावर ते म्हणाले, "जरा हात देता का?"

मालकाने हात दिला. मग दुसरा दिला. मग दुकानातले दोघं आले. तिघांनी मिळून ओढल्यावर वादळरावांचा कोट वर आला, ते आले नाहीत.

"थांबा," मालक म्हणाला. "टायर रिमवर चढवताना आम्ही साबणाचा एक लगदा लावतो. कसलाही घट्ट टायर असो, सर्रकन बसतो."

लगदा आणला. वादळरावांच्या दोन्ही बाजूंनी तो आत सोडला. मग पुन्हा "एक, दोन, तीन" झालं. मालकाच्या बोलण्यात खोट नव्हती. वादळराव सर्रकन बसले. आधी होते त्याच्याही चार बोटं खाली.

"हा लगदा चढवायला असतो," मालक विचार करत म्हणाला. "उतरवायला आम्ही पहार वापरतो."

पहारीचा विषय तिथेच थांबवून वादळरावांनी सीटच काढता येते का बघायला सांगितलं. पण मालकाने ती, कोणी पळवू नये म्हणून, चहूबाजूंनी चिकटवून टाकली होती. तेवढ्यात कोटाच्या खिशातला फोन वाजला.

"अहो, कुठे आहात?" बाईंनी विचारलं.

"गाडीत आहे."

"निघालात म्हणजे. किती वेळ लागेल?"

"गाडी हलत नाहीये," वादळराव म्हणाले. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"एवढी गर्दी आहे?"

"खूप अडचण आहे. अंग हलवायला जागा नाही."

बाईंनी फोन ठेवला. वादळरावांनी कपाळ पुसलं आणि नटबोल्टला फोन लावला.

नटबोल्ट म्हणजे संघाचा जुना मेकॅनिक. तो एकटा आला नाही. संघातले उरलेले तिघंजण दुपारी टायरमामाच्या गॅरेजमध्ये पत्ते खेळत बसत. टायरमामा पूर्वी शर्यतीत, पिट म्हणतात त्या जागी, चाकं बदलायचा, आता बंद पडलेल्या गाड्या टोइंगच्या ट्रकवर लादून न्यायचा. तिसरे होते मॅनेजर. आयुष्यभर कानाला काही न लावता इंजिनांशेजारी उभे राहिल्यामुळे त्यांना आता निवडक ऐकू येई. तिघं टोइंगच्या ट्रकमधूनच आले. दारातून आत आले आणि गाडी दिसताच तिघंही थबकले. वादळरावांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

"रंग चुकलाय," टायरमामा म्हणाला. "आपला निळा जरा गडद होता."

"तिच्या नाकाला अजून खोक आहे बघ," नटबोल्ट म्हणाला.

"मी आत आहे," वादळराव म्हणाले.

"ते दिसतंय. तुम्ही तेव्हाही आतच असायचा, म्हणून तुम्हाला बाहेरून गाडी कधी नीट दिसलीच नाही." नटबोल्टने खाली वाकून बघितलं, ठोकलं, कान लावला. "सीट खालून चार बोल्टांवर पण आहे. ते काढले की चिकटवलेलं आपोआप सुटेल. पण त्यांना वेगळ्या तोंडाची किल्ली लागते. ती माझ्या घरी माळ्यावर आहे. किंवा पलंगाखाली."

"नाहीतर गाडी कापावी लागेल," मालक खोल आवाजात म्हणाला.

"कापायची नाही," वादळराव, नटबोल्ट आणि टायरमामा एकदम म्हणाले. मॅनेजरांना ऐकू आलं नव्हतं, पण तेही नाही म्हणाले.

ठरलं असं, की वादळरावांसकट गाडी ट्रकवर चढवायची आणि नटबोल्टच्या घरी न्यायची. तिथे बोल्ट काढायचे, वादळरावांनी नटबोल्टची विजार घालायची आणि शाळा गाठायची. शाळा वाटेवरच होती. वेळही होता. प्रश्न एकच होता.

"गाडी आत आणल्यावर मग मी काच बसवली," मालक म्हणाला. "दारातून ती जात नाही."

टायरमामाने दार नजरेने मोजलं. गाडीची चाकं बघितली. मग त्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या, आणि इतक्या वर्षांनंतर देशाची गाडी पुन्हा पिटमध्ये आली.

त्या गाडीच्या चाकाला एकच नट असतो. शर्यतीत चारही चाकं बदलायला प्रेक्षकाची पापणी लवावी एवढाच वेळ लागे. आज पहिल्या चाकाला टायरमामाने बसायला स्टूल मागितलं. नटबोल्टने नाकाड काढलं, मागचा पंख काढला. मॅनेजर सवयीने गाडीसमोर जाऊन हात वर करून उभे राहिले, म्हणजे कोणी वेळेआधी गाडी सोडू नये. काम करता करता जुनं भांडण आपसूक वर आलं.

"त्या पावसाच्या शर्यतीत मी चाकं घेऊन तयार होतो," टायरमामा म्हणाला. "सगळे देश टायर बदलायला आत आले. आपले साहेब सुसाट निघून गेले."

"मला कोणी बोलावलंच नाही," वादळराव गाडीतून म्हणाले.

"मी बोलावलं होतं," मॅनेजर म्हणाले. एरवी शेजारचंही न ऐकणाऱ्या मॅनेजरांना हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. "तुमच्या वायरलेसचा सेल संपला होता."

"सेल बदलायचं काम कोणाचं होतं?"

तिघांनी चाकांच्या नटांकडे बघितलं. सगळे देश आत असल्यामुळे त्या दिवशी त्यांचा देश दोन फेऱ्यांपुरता सगळ्यांच्या पुढे होता. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. मग घासलेल्या टायरांवर वादळराव एका वळणावर गरगर फिरले, खडीत गेले आणि ढकलून बाहेर काढल्यावर नेहमीप्रमाणे शेवटून दुसरे आले.

"पण त्या दोन फेऱ्या," टायरमामा नट पिळता पिळता थांबला. "मी हातात चाक धरून नुसता उभा होतो. रडत होतो. पाऊस होता म्हणून कोणाला कळलं नाही."

"मला कळलं होतं," नटबोल्ट म्हणाला. "नाक तुझं लाल झालं होतं."

मग चौथं चाक सुटलं. एरवी फ्रिज वाहून न्यायला वापरतात तसल्या हातगाडीवर वादळराव बिनचाकाचे दारातून बाहेर पडले, ट्रकवर चढले, आणि वाटेत कोणी हटकू नये म्हणून चाकं, नाकाड आणि पंख पुन्हा लावून टाकले. निदान टायरमामाने कारण तरी तेच सांगितलं. खरं म्हणजे बिनचाकाची ती गाडी त्याला बघवत नव्हती.

या सगळ्या उलाढालीत वादळरावांचा कोट आणि त्यातला फोन मॅनेजरांकडे राहिला होता. तो वाजला. जुन्या काळीही बाईंचे फोन मॅनेजरच घेत आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं सांगत.

"हॅलो," बाई म्हणाल्या. "निघाले का ते?"

"निघत नाहीयेत, वहिनी," मॅनेजर मोठ्याने म्हणाले. "साबण लावून बघितला."

बाईंनी साबणाचा विषय बाजूला ठेवला.

"कुठे आहेत ते?"

"ट्रकवर. आता नटबोल्टच्या घरी नेऊन खालून सोडवणार."

बाईंनी आणखी काहीतरी विचारलं. मॅनेजरांना ते आशीर्वाद दिल्यासारखं वाटलं. त्यांनी "तुम्हालाही" म्हणून फोन ठेवला आणि वादळरावांना सांगितलं, "काही काळजी करू नका. वहिनींना काही कळू दिलं नाही."

मोठ्या चौकात वाहतूक पोलिसाने ट्रक थांबवला. तो ट्रकला एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "ओढून नेत असलेल्या गाडीत माणूस बसवायची परवानगी नाही."

"बसवला नाही," टायरमामा म्हणाला. "तो बसलाय."

"मग उतरवा."

"त्यासाठीच नेतोय."

पोलिसाने वर बघितलं. "लायसन्स दाखवा," तो वादळरावांना म्हणाला.

"मागच्या खिशात आहे," वादळराव अदबीने म्हणाले. "तुम्ही काढू शकलात तर माझं सगळं कामच होईल."

पोलीस खरोखर ट्रकवर चढला. त्याने एका बाजूने हात घातला, मग दुसऱ्या बाजूने. हात बाहेर काढला तेव्हा तो कोपरापर्यंत साबणाच्या फेसाने माखला होता. त्याने वरिष्ठांना फोन लावला आणि काय झालंय ते सांगितलं. वरिष्ठांनी त्याला पुन्हा सांगायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर पोलिसाने फोन ठेवला, रुमालाला हात पुसला आणि म्हणाला, "जा तुम्ही." पण तोवर चौकातलं घड्याळ चारच्या जवळ आलं होतं.

"आता आधी घर की आधी शाळा?" टायरमामाने खिडकीतून मान काढून विचारलं.

वादळरावांनी घड्याळाकडे बघितलं. अंगाला साबण होता, केस उभे राहिले होते, विजार ओली होती. अशा अवस्थेत माणूस बायकोच्या निरोप समारंभाला जात नाही. पण चार म्हणजे चार होते.

"शाळा," ते म्हणाले. "गाडी फाटकाबाहेर झाडामागे लाव. मी तिथूनच ऐकेन. नटबोल्ट, तू रिक्षाने जाऊन किल्ली घेऊन ये."

फाटकापाशी शिपाई उभा होता. त्याने ट्रक झाडामागे जाऊ दिला नाही. हात दाखवत दाखवत त्याने तो मैदानात घेतला, मागे, आणखी मागे, थोडा डावीकडे, आणि बरोबर व्यासपीठासमोर, पाहुण्यांच्या पहिल्या रांगेच्या टोकाला उभा केला. तिथे एका ट्रकला पुरेल एवढी जागा खुर्च्या हलवून आधीच रिकामी ठेवलेली होती.

सगळी शाळा उठून उभी राहिली. बाई माईकपाशी गेल्या. त्यांनी ट्रककडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि गाडीतून वर आलेल्या डोक्याकडे बघितलं.

"मुलांनो, खाली बसा," त्या म्हणाल्या. "आमचे यजमान आले आहेत. त्यांना उठून नमस्कार करता येणार नाही, तेव्हा आपणच करू या."

वादळरावांना वाटलं, आता साबणाने पुन्हा एकदा सर्रकन आणखी खाली जाता आलं तर बरं. पण खाली आता जागा नव्हती. मग त्यांना ऐकत बसावं लागलं. अशा समारंभात पहिल्यापासून ते कधी बसलेच नव्हते, त्यामुळे सगळंच त्यांना नवीन होतं. बाईंनी पटावर नाव नसलेल्या मुलांना वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसवून शिकवलं, हे त्यांना माहीत नव्हतं. बाईंना मुलं घाबरतात हे माहीत होतं, पण घाबरणारी मुलं रडताना पाहिली नव्हती.

शेवटी बाई स्वतः बोलायला उभ्या राहिल्या.

"शाळेत मी एकदाच घंटा वेळेआधी दिली," त्या म्हणाल्या. "आज सांगायला हरकत नाही. त्या दिवशी आमच्या यजमानांची शर्यत होती. शाळेत एकच टीव्ही होता, प्रयोगशाळेत, सांगाड्याशेजारी. मी वरच्या दोन वर्गांना तिथे नेऊन बसवलं. मी हे घरी कधी बोलले नाही. ते आले की टायरांबद्दलच बोलत, मग राहून गेलं. त्या दिवशी पाऊस होता आणि अचानक आपला देश सगळ्यांच्या पुढे गेला. मुलं बाकांवर चढली. मी पण चढले."

वादळराव हलायचे थांबले होते.

"पण यांच्या मागे बसून मी खूप फिरलेली आहे. गाडी कधी हातची जाणार, ते मला आधी कळतं. तिसऱ्या फेरीला ती नुसती जराशी डुलली. मी टीव्ही बंद केला आणि शिपायाला घंटा द्यायला सांगितलं. मुलं नाचत घरी गेली. आपण जिंकलो असंच त्यांना वाटलं, आणि मी ते तसंच राहू दिलं."

मुलं हसली. मोठी माणसं हसली. प्रमुख पाहुणे मात्र हसले नाहीत. ते डोळ्यांचे डॉक्टर होते, केस पिकलेले, याच शाळेचे माजी विद्यार्थी. ते खुर्चीतून सावकाश उठले.

"बाई," ते म्हणाले, "म्हणजे आपण जिंकलो नव्हतो?"

बाईंनी चष्मा काढला.

"मी माझ्या मुलांना सांगितलंय. परदेशात एका परिषदेत सांगितलंय. त्यावरून एका माणसाशी माझं बोलणं बंद आहे." ते ट्रककडे वळले. "साहेब, तुम्ही सांगा. नक्की काय झालं होतं?"

मैदानातली सगळी डोकी गाडीकडे वळली. टायरमामा ट्रकच्या दाराला टेकून उभा होता, त्याने मान खाली घातली. वादळरावांनी कधी शर्यतीबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. शेवटून दुसरे म्हणजे शेवटून दुसरे. त्यांनी व्यासपीठाकडे बघितलं. बाई चष्मा पुसत होत्या.

"बाईंनी घंटा दिली तेव्हा आपण पुढे होतो," ते म्हणाले. "शाळा सुटल्यानंतरचं मला काही माहीत नाही."

डॉक्टर समाधानाने खाली बसले. टाळ्या सुरू झाल्या. त्या आवाजात गाडीच्या खालून कोणीतरी वादळरावांच्या बुडाशी टकटक केली.

"साहेब," नटबोल्टचा आवाज आला. "उठा आता. चारही बोल्ट सुटलेत."

"केव्हा सुटले?"

"पहिलं भाषण चालू होतं तेव्हाच. मी सांगणार होतो, पण वरून बाईंनी हाताने खूण केली, थांबा म्हणून. म्हणून पडून राहिलो."

वादळरावांनी पुन्हा व्यासपीठाकडे पाहिलं. बाईंच्या हातात आता फुलांचे गुच्छ मावत नव्हते. खाली मुलांची रांग लागत होती. कोणीतरी कॅमेरा आणला होता आणि बाई पदर नीट करून, गुच्छ शिपायाकडे देऊन, ट्रकच्या पायऱ्यांकडे यायला निघाल्या होत्या.

"नटबोल्ट," वादळराव हळूच म्हणाले, "परत आवळ. अजून फोटो व्हायचेत."